परिषदवाले जावई

'लवकरच' हा शब्द रोकडेभाऊंच्या कानावर पडला की माणूस मेलाच म्हणून समजा. म्हणजे बोलणारा.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीची सुपारी फुटली, तेव्हा मुलाचे मामा पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाले, "लग्नाची तारीख लवकरच काढू." लगेच मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "लवकरच म्हणजे कधी? मोघम नको. साल सांगा." मामांना ठसका लागला आणि मुलीचा बाप घामाघूम झाला. एका शोकसभेत पुढारी म्हणाले की या चौकाला लवकरच मयताचं नाव देऊ. रोकडेभाऊ तिथेही उभे. "साल सांगा." मयताचा मुलगा रडता रडता हसला, आणि चौकाला अजून नाव नाही ते नाहीच.

रोकडेभाऊ पोस्टात सॉर्टिंगला होते. भिवंडीच्या निजामपुऱ्यात आमच्या दारासमोर त्यांचं दार. मी उर्दू शाळेत मराठी शिकवायचे. घरात कोकणी, वर्गात मराठी, गल्लीत हिंदी, त्यामुळे रागावायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत. आणि राग यायला कारणही कमी पडलं नाही. ते कारण आमच्या मागच्या भिंतीला लागूनच उभं होतं.

ते सायझिंग होतं. लूमवर, म्हणजे मागावर, चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, तो कारखाना. खळीला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला शेठ जे मिळेल ते खायला घालायचे. भुसा, चिंध्या, तुटक्या चपला, जुने टायर. याचं धुराडं किती उंच असावं? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीएवढं. बाकी जगात धूर वर जातो, आमच्याकडे तो समोरून घरात यायचा. मी चपातीला तूप लावायच्या आधी त्यावर काजळी बसलेली असायची. दोरीवर घातलेली पांढरी चादर संध्याकाळी बुरखा म्हणून वापरावी अशी व्हायची.

मी चिडून भागवलं. सुमनवहिनींना तेवढ्यावर भागवता आलं नाही. त्या रोकडेभाऊंची बायको, आणि त्यांना दमा होता. जिन्यात बसून श्वास घेताना त्यांचे खांदे कानापर्यंत वर जायचे, आणि भाऊ नुसते पाठीवर हात फिरवत बसायचे. शेवटी डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, या हवेत या बाई जगायच्या नाहीत. वहिनींचा भाऊ येऊन त्यांना माहेरी, राहनाळला घेऊन गेला. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "धूर थांबला की येते."

राहनाळ काही लांब नाही, सायकलवर घाम यायच्या आत पोचता. पण बायको माहेरी आणि घराला कुलूप, ही गोष्ट लांबच की. लोक म्हणायचे, "अहो, जागा बदला." रोकडेभाऊ म्हणायचे, "धूर त्याचा. घर मी का बदलू?" मला हे बोलणं पटायचं, अजून पटतं. ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. एका कचेरीतल्या साहेबांनी त्यांना चहा पाजून सांगितलं की धुराडं लवकरच उंच होईल. रोकडेभाऊ आनंदाने घरी आले, घर सारवल्यासारखं झाडून काढलं, वहिनींची साडी घडी करून उशाला ठेवली. मग एक पावसाळा गेला, दुसरा गेला. त्या 'लवकरच'शी वैर सुरू झालं ते तिथून.

नव्वद सालानंतर परिषदांचं पीकच आलं. हवामान बदल, सौरऊर्जा, अपारंपरिक ऊर्जा, वसुंधरा वाचवा. ठाण्यात, कल्याणला, मुंबईला, कुठे ना कुठे मांडव पडलेलाच. रोकडेभाऊ रजा टाकून प्रत्येकीला जायचे. आमंत्रण कुणाला हवंय? दारात नाव लिहिलं की फाइल मिळते, छातीला लावायला बिल्ला मिळतो आणि जेवणाचं कुपन. बिल्डिंगमधले टवाळ म्हणायचे, गुलाबजामसाठी जातात. त्या माणसाला डायबेटिस होता, हे त्या टवाळांना मीच एकदा जिन्यात थांबवून ऐकवलं.

तिथे जाऊन ते दोनच गोष्टी करायचे. सभागृहाच्या खिडकीला बाहेरून एक पांढरा रुमाल बांधायचे आणि समारोपाला तो सोडून हवा कशी आहे ते बघायचे. आणि प्रश्नोत्तरांना उभे राहून विचारायचे, "वस्तीतल्या चिमणीतून टायरचा धूर येतो. तो कधी बंद होईल? साल सांगा." उत्तरं ऐकण्यासारखी असायची. एक शास्त्रज्ञ म्हणाले, "फारच मूलभूत प्रश्न आहे," आणि चहाला गेले. दुसरे म्हणाले, आपण जागतिक पातळीवर विचार करू या, तिकडे ध्रुवावर बर्फ वितळतोय. रोकडेभाऊ म्हणाले, "बर्फाबद्दल मला वाईट वाटतं, साहेब. पण बर्फाची बायको माहेरी गेलेली नाही."

ठाण्याच्या एका ऊर्जाबचतीच्या कार्यशाळेला शाळेने मलाही पाठवलं होतं. बाहेर भर दुपारचं ऊन, आत जाड पडदे ओढलेले आणि सगळ्या ट्यूबलाइटी चालू. एसी असा सोडला होता की व्यासपीठावरच्यांनी सत्काराच्या शाली तिथेच पांघरल्या. आमचा सत्कार नव्हता, आम्ही कुडकुडलो. वीज वाचवा, वीज वाचवा असं शालीतून चाललं होतं. रोकडेभाऊ उठले आणि त्यांनी सरळ पडदा सारला. भिंतीवर स्लाइडमध्ये दिसणारा बर्फाचा डोंगर उन्हात नाहीसा झाला. बिल्लेवाला एक पोरगेला संयोजक धावत आला, "काका, पडदा लावा, काही दिसत नाहीये." भाऊ म्हणाले, "मला तर आत्ता दिसायला लागलं." आम्हा दोघांना मागच्या रांगेत बसवण्यात आलं.

आणि मग परिषद आमच्याच गावात आली. आमच्या भिवंडीत. स्वच्छ ऊर्जा आणि बदलतं हवामान, मंगल कार्यालयात, मुंबईचे मोठे पाहुणे. रोकडेभाऊंनी शर्टाला इस्त्री करून घेतली. मला म्हणाले, "बाई, इतके दिवस मी त्यांच्याकडे जात होतो. आता ते धुराकडे येतायत. आता उत्तर द्यावंच लागेल." राहनाळला निरोपही धाडला होता, की गाद्या-गोधड्या आवरून ठेव.

पण परिषद होती शुक्रवारी.

भिवंडीच्या बाहेरच्यांना यात काय ते कळायचं नाही. शुक्रवारी आमच्याकडे लूमला सुट्टी. लूम बंद, सायझिंग बंद, बॉयलर थंड. सगळं गाव त्या दिवशी धुणं धुतं. पाहुणा बोलवायचा तर आम्ही शुक्रवारीच बोलावतो. शेठ मोकळे, हॉल मोकळा, रस्ते मोकळे. मुलगी बघायला येणारेसुद्धा शुक्रवारीच येतात. त्यामुळे संयोजकांनी हे कपटाने केलं असं मी म्हणणार नाही. सवयीने केलं. पण धूर बघायला माणसं शुक्रवारी बोलवायची, ही अक्कल आमच्याच मातीत उगवू जाणे.

रोकडेभाऊंच्या हे ध्यानात कसं आलं नाही? त्यांना सुट्टी रविवारची. शुक्रवारी ते दिवसभर पोस्टात पत्रांच्या ढिगात. निळं आकाश त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. आणि मी? आमच्या शाळेलाही शुक्रवारची सुट्टी, मी चादरी धुवून दुपारी पोचले. बघते तर खिडकीला रुमाल बांधलेला. मी लांबून खुणा केल्या, मान हलवली, ते बघायलाच तयार नाहीत. नजर व्यासपीठावर. तिथे मधोमध हार घालून कोण बसलेलं? आमचे सायझिंगवाले शेठ. परिषदेच्या पिशव्या त्यांनीच वाटल्या होत्या. एका बाजूला 'स्वच्छ हवा' आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या फर्मचं नाव.

रोकडेभाऊंना माइक मिळाला. म्हणाले, "मी भाषण करणार नाही. सकाळी हा रुमाल बांधलाय, अजून पाहिलेला नाही. सगळ्यांसमोर काढतो." गेले, गाठ सोडली, झटकला आणि उंच धरला.

पांढराशुभ्र. दुकानातून आणल्यासारखा.

ते तसेच हात वर करून उभे. मुख्य पाहुण्यांनी खाली येऊन तो रुमाल प्रेमाने हातात घेतला. म्हणाले, "भिवंडीत फार धूर असतो असं ऐकून आलो होतो. सकाळपासून निळं आकाश बघतोय. आणि आता इथल्या नागरिकानेच पुरावा दिला." टाळ्या. शेठही टाळ्या वाजवत होते. फोटोवाल्याने रोकडेभाऊंना पाहुण्यांच्या शेजारी उभं करून फोटो काढला.

माझं डोकं फिरलं. मी उठून म्हटलं, "साहेब, आज गावाला सुट्टी आहे. ताप उतरलेल्या दिवशी डॉक्टर येतो काय? उद्या सकाळी या. माझ्या स्वयंपाकघरात या. चहा मी पाजते, काजळी शेठ घालतील." सूत्रसंचालक म्हणाला, "आपा, वेळेअभावी आपण पुढे जाऊ." आणि पाहुणे अगदी गोड हसून म्हणाले, "उद्या आमचं नाशिकला सत्र आहे हो. पण लवकरच येऊ."

मी रोकडेभाऊंकडे पाहिलं. आता विचारतील, मग विचारतील. त्यांनी विचारलं नाही. परत हातात आलेल्या रुमालाची घडी घालत बसले.

तिथून ते राहनाळला निघाले. मी पण रिक्षात बसले. म्हटलं, वहिनींना हे मीच सांगते, हा माणूस अर्धं गिळून टाकेल.

वहिनींच्या भावाचं घर भातशेतीच्या कडेला. शिरता शिरता शेजारच्या ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने हटकलं, "काय जावयबापू, आज काय काम काढलं?" रोकडेभाऊ थांबून म्हणाले, "परिषद झाली. तिचा वृत्तांत द्यायला आलो." म्हातारा मला म्हणाला, "हे आमचे परिषदवाले जावई. परिषद झाली का येतात, चहा पितात, चालले. बिगर कामाचे कधी आले न्हाईत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासुरवाडीला जावयाने उगीच जायचं नसतं. काही निमित्त लागतं. सण, बारसं, दुखणं, काहीतरी. नाहीतर चार लोक विचारतात, आणि मेहुण्याच्या जिवावर बसला म्हणतात. जगाला तोंडावर साल विचारणारा हा माणूस चार लोकांच्या या एका प्रश्नाला भ्यायचा. मग बायकोला भेटायला निमित्त कुठून आणायचं? परिषदेतून.

रोकडेभाऊ पडवीतल्या खुर्चीच्या टोकाला अवघडून बसले, जावयासारखे. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. तब्येत सुधारली होती, खांदे खाली आले होते. मी सगळं सांगितलं, रुमालाचं, टाळ्यांचं, शेठचं. सांगताना पुन्हा भडकले. मेहुणा दामू म्हणाला, "जाऊ द्या, आपा. त्यांना धूर दिसाचाच न्हाय तर काय कराचा?"

रोकडेभाऊ म्हणाले, "रुमाल पांढरा राहिला आणि तोंड माझं काळं झालं. सुमन, आता बस. मी यापुढे परिषदेला जाणार नाही. तुझा तो धूर काही माझ्याने थांबायचा नाही."

 वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "धुराचं मला आधीच कळलं होतं. पण परिषदेला नाही गेलात, तर इकडे काय सांगून याल?"

मी खालमानेने बसले होते. मला रडू येत होतं आणि त्या शेठचा, त्या पाहुण्यांचा, त्या म्हाताऱ्याचासुद्धा संताप येत होता. काय मागत होती ही दोघं? एका घरात श्वास घ्यायला मागत होती. एवढ्यासाठी या माणसाने कुठे कुठे बिल्ले लावून बसावं?

अंधार पडायच्या आत रिक्षा मिळावी म्हणून मी उठले. "चला, भाऊ," म्हटलं. ते उठले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, खुर्चीखाली नीट सरकवल्या आणि दामूच्या बाजेवर जाऊन मांडी घालून बसले.

"तुम्ही व्हा पुढे, बाई," म्हणाले. "मी राहतो आज. सकाळी इथूनच ड्युटीला जाईन."

दामू बहिणीकडे बघायला लागला. बाहेरून काठी टेकत तो म्हातारा घरी परतत होता. त्याने बाजेवर मांडी घातलेले जावई पाहिले आणि थबकला. "का हो जावयबापू, अजून काय काम ऱ्हायलंय?"

भाऊंनी उत्तर द्यायच्या आधी वहिनी ओट्यावर आल्या आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा बोलल्या.

"काम काय न्हाय, बाबा. ऱ्हायला आलेत."