दिनकरआण्णांचा चाचणी हंगाम

आमच्या गल्लीतल्या दिनकरआण्णांनी एकदा सगळ्यांना घरी पाणी बघायला बोलावलं. प्यायला नव्हे, बघायला.

आमच्या पलूस गावात बोलावण्याला कारण फारसं लागत नाही. जावळ असो, नवा ट्रॅक्टर असो, नाहीतर बोअरला पाणी लागलेलं असो, माणसं जातात. तशी आम्हीही गेलो. आण्णांच्या हॉलमध्ये पूर्वी जिथे टीव्ही होता तिथे आता टेबलावर काचेची लांबट टाकी होती. तळाला बारीक गुळगुळीत वाळू, दोन-तीन हिरवी रोपं, आडवं पाडून ठेवलेलं एक मडकं आणि कोपऱ्यात गुरगुरणारा छोटा फिल्टर. बाकी सगळं पाणी.

"मासे कुठायत?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"मासं न्हाईत. बेडकं येनार हायत!" आण्णा ओरडले. ते नेहमीच ओरडतात, त्यात रागाचा भाग नसतो. "पर आत्ता न्हाई. आदी चाचणी हंगाम!"

ज्यांना साखर कारखान्याचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. नवा कारखाना उभा राहिला की पहिल्या वर्षी पूर्ण ताकदीने चालवत नाहीत. थोडा ऊस घालून बघतात, कुठे गळतंय, कुठलं बेअरिंग तापतंय. तो चाचणी हंगाम. आण्णांनी सगळी नोकरी कारखान्याच्या मिल हाऊसला, जिथे ऊस गाळतात तिथे, फिटर म्हणून केली, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते ह्याच हिशेबात बसवतात. नवं लग्न झालेल्या जोडप्याला आशीर्वाद देतानाही ते "लोड घालू नका, दमानं चालवा" एवढंच म्हणतात. पंगतीत शेजारचा माणूस जिलबीवर तुटून पडला तरी त्यालाही तेच ऐकवतात.

सांगलीच्या मत्स्यालयवाल्या दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, की नव्या टाकीत लगेच जीव सोडायचा नाही. पाणी काही आठवडे नुसतंच फिरू द्यायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू तयार होतात आणि ते पुढे बेडकांची घाण पचवतात. दुकानदार हे सगळ्यांनाच सांगत असणार, आणि सगळे त्याच दिवशी बेडूक घेऊन घरी जात असणार. आण्णा मात्र नुसतं पाणी घेऊन बसले. परसात पिंपं मांडली, नळाच्या पाण्यातल्या जंतुनाशक पावडरचा वास उडून जाईपर्यंत ती उघडी ठेवली आणि मग टाकी भरली.

"लोणचं हाय का काय मुरायला?" शेजारच्या शालनकाकू माझ्या कानात म्हणाल्या.

हंगाम म्हटल्यावर मुहूर्त आलाच. आण्णांनी टाकीपुढे नारळ फोडला. भकलं गोळा करायला ते वाकले, आणि तेवढ्यात शालनकाकूंनी मनोभावे डोळे मिटले, चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि जास्वंदीचं एक फूल टाकीत सोडलं. आमच्याकडे नव्या पाण्याची अशीच पूजा करतात. विहिरीची करतात, बोअरची करतात. आम्हा बायकांपैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही चिमटीत हळद तयार होती.

आण्णा वळले तेव्हा पाण्यात पिवळा-तांबडा ढग पसरत होता. ज्या माणसाची साधी हाक एस.टी. स्टँडपर्यंत जाते त्याने आधी हातातली भकलं खाली ठेवली. मग त्यांनी फिल्टरचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "मिल बंद!"

सगळं पाणी नळीने जास्वंदीच्या बुंध्याला गेलं. वाळू धुतली, मडकं धुतलं आणि हंगाम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. शालनकाकू इतक्या खजील झाल्या की त्या घराकडे बघेनात. शेवटी आण्णाच नारळाचं भकल घेऊन त्यांच्या दारात गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांची समजूत घातली.

"आवं, तुमी देवाचंच केलं! पर बेडकाला कातड्यातनं समदं आत जातंय. पान्यात जे पडंल त्ये त्याच्या अंगात. आपल्या कपाळाला कुंकू शोभतंय, त्याला त्ये सोसायचं न्हाई."

बेडूक आले तेव्हा एस.टी.नेच आले. पाण्याने अर्धी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन आण्णा सांगलीहून पलूसपर्यंत बसले होते. प्रत्येक गतिरोधकाला "डायवर, दमानं! लोड न्हाई घालायचा!" म्हणून त्यांनी गाडी डोक्यावर घेतली. कंडक्टरने पिशवीत काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आमचं संचालक मंडळ हाय."

मंडळात तिघं होते. प्रत्येक जण माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा, मातकट रंगाचा, अंगावर काळे ठिपके. हे बेडूक आफ्रिकेतले. जन्मभर पाण्यातच राहतात, फक्त श्वास घ्यायला वर येतात. सगळ्यात गुबगुबीत होता तो चेअरमन, कारण जेवायला तो पहिला. दुसरा फिल्टरपाशी बसून असायचा, तो चीफ इंजिनिअर. तिसरा वाळका, कायम मडक्यात दडलेला, गरजेच्या वेळी कधीच न सापडणारा. त्याचं नाव चिटबॉय. ऊसतोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा हा माणूस ज्याने शेतात शोधलाय, त्याला हे नाव समजावून सांगायला नको. पुढे दुकानदाराने फोटो बघून कळवलं, की गुबगुबीत आहे ती मादी. आण्णांनी चार दिवस विचार केला आणि ठराव मंजूर केला, "असू दे. आता बाई चेअरमन."

एके सकाळी शालनकाकू धावत आल्या. "बाई, चला जरा. आण्णांचा एक गेला वाटतं." जाऊन बघते तर खरंच चीफ इंजिनिअर पाण्याच्या वर हात-पाय पसरून निपचित तरंगत होता. आम्ही दोघी दुखवट्याला आल्यासारख्या पदर सावरून उभ्या राहिलो.

"गेला न्हाई!" आम्हाला तसं उभं बघून आण्णा आतून ओरडले. "रजेवर हाय!"

आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने एक पाय झटकला आणि सरळ खाली वाळूत जाऊन बसला. त्यांची विश्रांती तशीच असते म्हणे.

त्यानंतर मला त्या टाकीची चटकच लागली. मी बालवाडीत शिकवते. सकाळभर पोरांचा कालवा ऐकून डोकं भणभणलं की घरी जाताना आण्णांकडे डोकवायचं. एकदा मी चेअरमनबाईंना कात टाकताना बघितलं. हिवाळ्यात घट्ट स्वेटर डोक्यावरून काढतात तशी तिने अंगावरची पातळ, दुधी कातडी दोन्ही हातांनी ओढून काढली, आणि काढता काढता गिळून टाकली. खाली उरली नवीकोरी, लख्ख ठिपक्यांची बेडकी. मी तोंडावर हात ठेवून उभी होते. एवढ्याशा जिवात एवढी कारागिरी कुणी भरली असेल, ह्या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

आणि तितकंच नवल मला आण्णांच्या हातांचं वाटायचं. हातोड्याने ठोकून ठोकून बोटं जाड झालेली, नखं चेपलेली. त्या बोटांत बारीक चिमटा, चिमट्यात दोऱ्याएवढी अळी. ह्या बेडकांची नजर अधू असते, वासावर जेवतात. म्हणून ती अळी चिटबॉयच्या नाकापुढे धरून आण्णा हात पाण्यात स्थिर ठेवायचे. चिटबॉय समोर बघून न बघितल्यासारखं करायचा. चहाला उशीर झाला तर कप आपटणारा हा माणूस तिथे श्वास रोखून उभा असायचा. हात अवघडून लाल व्हायचा, पण हलायचा नाही.

एवढं सगळं करूनही आण्णांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्याचं कारण दुकानदाराचं आणखी एक वाक्य. तो म्हणाला होता, "टाकी मानवली की नर पाण्याखाली गाणं म्हणतो. अगदी बारीक गुणगुण. ते ऐकू आलं की समजायचं, बेडूक सुखात आहेत."

आता अडचण अशी, की आण्णांना ऐकू येत नाही. मिल हाऊसच्या धडधडीत कान गेले. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, फक्त आण्णांना मान्य नाही. त्यांच्या मते त्यांचे कान चोख आहेत, लोकच हल्ली बारीक बोलायला लागलेत. पुण्याच्या मुलाने कानाचं मशीन आणून दिलं, ते कपाटात पडून आहे. "त्यात नुसता कारखाना ऐकू येतोय," म्हणतात. त्यांच्या पत्नी इंदूकाकी होत्या तोवर त्याच सगळ्यांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवायच्या. मागच्या वर्षी दीर्घ आजारात काकी गेल्या.

तेव्हा आण्णांनी युक्ती काढली. येईल त्याला आग्रहाने चहाला बसवायचं, ते नेमकं टाकीजवळच्या स्टुलावर. पंखा बंद, फिल्टर बंद. मग स्वतः समोर बसून पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. पाहुणा बिचारा घामाघूम. थोड्या वेळाने आण्णा सहज विचारल्यासारखं विचारायचे, "काय?" पाहुणा म्हणायचा, "लय भारी टाकी हाय." आण्णांचं तोंड उतरायचं.

शालनकाकूंना ते बघवलं नाही. हळदीकुंकवाचं ओझं मनावर होतंच. एके दिवशी स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी मोठ्याने सांगून टाकलं, "आण्णा, गातोय की! चांगला गातोय!"

आण्णा ताडकन उठले. "व्हय? कसा?"

काकू गडबडल्या. "कसा म्हंजी... डराव, डराव."

आण्णा मटकन खाली बसले. ह्या जातीचे बेडूक डराव डराव करत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी काकूंना चहा पुरा पाजला. पण त्या दिवसापासून चहाची बोलावणी थांबली, आणि आण्णांचा आवाजही गल्लीत कमी ऐकू यायला लागला. मला करमेना.

म्हणून मी धपाटी द्यायचं निमित्त केलं आणि दिवेलागणीला त्यांच्याकडे गेले. ताट त्यांच्या हातात दिलं न दिलं तोच लाईट गेली. फिल्टरची गुरगुर थांबली, पंखा थांबला. खिडकीतून थोडा उजेड येत होता, त्यात टाकी काळसर दिसत होती. मी निघणार, तेवढ्यात काहीतरी ऐकू आलं.

पहिल्यांदा वाटलं, लांब कुणाच्या तरी घरी शिलाई मशीन चालू आहे. मग लक्षात आलं की आवाज टाकीतून येतोय. मडक्याच्या तोंडाशी चिटबॉय बसला होता, गळा भरभर हलत होता. तोंड मिटलेलं, आणि पाण्यातून एकसारखी बारीक गुणगुण.

"आण्णा!" मी ओरडले. "गातोय! खरंच गातोय!"

गुणगुण तिथल्या तिथे बंद.

आण्णांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं. दोन्हीही कळलं, गात होता हेही आणि माझ्या ओरडण्याने थांबला हेही. मी ओठांवर बोट ठेवलं. ते स्टूल ओढून हळूच बसले. आता पंचाईत झाली. तो पुन्हा गायला लागला तर ह्यांना सांगायचं कसं? हळू बोलले तर ह्यांना ऐकू येणार नाही, मोठ्याने बोलले तर तो गप्प होणार.

मी टाकीच्या टेबलाच्या कडेला त्यांचा हात पालथा ठेवला. चिटबॉयने पुन्हा सुरू केलं, तशी मी त्या कडेवर बोटाने अलगद ताल धरला. तो थांबला की मी थांबत होते. त्याने सूर लांबवला की माझं बोट भरभर चालत होतं. आण्णांनी डोळे मिटले. तळव्याखाली लाकूड थरथरत होतं तेवढंच त्यांना पोचत होतं, पण पोचत होतं.

मग आण्णा बोलले, तेही कुजबुजत. एवढ्या हलक्या आवाजात ते बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं.

"इंदू बी शेवटाला आसंच बारीक बोलायची, बाई. ताकद न्हवती तिला. मला काय बी ऐकू यायचं न्हाई. पर तसं म्हनलं आस्तं तर तिला परत बोलाया लागलं आस्तं, म्हनून मी नुसतं व्हय, व्हय म्हनत बसायचो. ती हसायची. काय सांगत हुती कुनाला ठावं."

डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोट थांबवायचं नव्हतं, कारण चिटबॉय गातच होता.

तेवढ्यात लाईट आली. ट्यूब लागली, पंखा फिरला, फिल्टरने गुरगुर सुरू केली आणि माझं बोट थबकलं. आण्णांनी डोळे उघडले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फिल्टरकडे. मग उठून त्यांनी पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, फिल्टरची पिन काढली आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

"बसा वाईच," ते कुजबुजले, आणि हात परत टेबलावर पालथा ठेवला.