हूंकाकांची मुलाखत

खोक्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे हूंकाका म्हणत, कारण काहीही विचारलं तरी ते "हूं" म्हणत. अठरा वर्षांत एकही मशीन त्यांच्या हातून सुटलं नव्हतं, पण फोरमनची जागा दोनदा सुटली होती. दोन्ही वेळा मुलाखतीत त्यांची दातखीळ बसली. दुसऱ्यांदा तर त्यांनीच काम शिकवलेला पोरगा त्यांचा फोरमन झाला, आणि ते त्यांना फार लागलं होतं.

"साहेबांशी बोलायचंच नाही," जागा पुन्हा रिकामी झाली तेव्हा बायकोनं बजावलं. "समोर आपली माणसं उभी आहेत असं समजा आणि त्यांना काम सांगा."

माडीवरच्या केबिनमध्ये हूंकाका बसले. आधाराला म्हणून त्यांनी टेबलावरच्या, खाली कर्ण्यावर सूचना द्यायच्या माइकची दांडी घट्ट धरली. दांडीवरचं बटण दाबलं गेलं. माइक त्यांच्या तोंडाशी होता, त्यामुळे साहेबांचे प्रश्न आतच राहिले आणि उत्तरं तेवढी खाली कारखानाभर गेली.

"तीन नंबरचं मशीन अडकलं तर?" साहेबांनी विचारलं.

हूंकाकांनी डोळे मिटले. "तीन नंबर बंद करा. पट्टा सैल करा. पुठ्ठा हातानं काढा, सुरी लावू नका."

खाली छान चाललेलं तीन नंबर बंद पडलं.

"गाडी भरायला उशीर होत असेल तर?"

"पॅकिंगमधल्या चौघांनी गाडीवर जा. जड खोकी खाली ठेवा."

चौघं धावले. गाडी एका गिऱ्हाइकासाठी रिकामी उभी होती, तिच्यात दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा माल चढू लागला.

हूंकाकांना आता चांगलाच सूर सापडला होता.

"आणि आग लागली तर?"

"सगळी मशीनं बंद! हातातलं टाका. मागच्या दारानं बाहेर, पळू नका. अंगणात रांगा लावा, आपापली माणसं मोजा!"

खडखडाट थांबला. साहेबांनी खिडकीचा पडदा सारला. अख्खा कारखाना अंगणात रांगेत उभा होता.

हूंकाकांचं लक्ष माइककडे गेलं. त्यांनी दांडी सोडली आणि डबा उचलला. "येतो साहेब. नोकरी गेलीच आहे."

"बसा!" साहेब घड्याळ बघत होते. "मागल्या वर्षी आगीच्या सरावाची घंटा वाजवली तेव्हा बावीस मिनिटं लागली, त्यातले तिघं डबा न्यायला परत गेले. आज तीन मिनिटं. उद्यापासून फोरमन तुम्ही. गाडी तेवढी रिकामी करून घ्या. आणि आता बोलवा त्यांना आत."

अंगणात वाद रंगला होता. "नवा फोरमन बाहेरून आणलाय वाटतं," पॅकिंगवाली म्हणाली. "काय स्वच्छ सांगतो! आपले हूंकाका बिचारे पुन्हा राहिले."

वर हूंकाकांनी बटण दाबलं. सगळे ऐकताहेत हे आता ठाऊक होतं. अंगणापर्यंत खरखर घुमली, आणि मग आवाज आला,

"हूं."

"अगं बाई!" पॅकिंगवाली ओरडली. "हे तर आपलेच!" आणि टाळ्या वाजवत सगळे आत शिरले.