चिठ्ठीआडचे चारशे बारा केस

कोणतीही गोष्ट दोनशे वर्षं जुनी झाली की ती आपोआप सभ्य होते, हा निसर्गनियम आहे. उशिओदा नगरपालिकेनं तो फक्त नियमावलीत घातला. गेल्या शरदात पालिकेच्या सांस्कृतिक भवनात लाकडी ठशांनी छापलेली जुनी शृंगारचित्रं लागली होती. त्यांतली माणसं जे करत होती तेच आजही माणसं करतात, फक्त कपडे बदललेत. साठीपुढच्या नागरिकांनी ती चित्रं हात मागे बांधून पाहिली, ‘रंग काय टिकलेत हो!’ म्हणून माना डोलावल्या, आणि कुणाचीही नीतिमत्ता बिघडली नाही. (बिघडण्याइतकी शिल्लक असलेल्यांचं प्रमाण पाहणीत अकरा टक्के भरलं.)

इसोमुरा चिगुसाची चूक एवढीच, की ती जिवंत होती. वय त्रेचाळीस, प्रकृती उत्तम, लवकर मरण्याची चिन्हं नाहीत. त्या जुन्या चित्रांच्या धाटणीवर ती आजची माणसं काढायची, आणि आजची माणसं अजून सभ्य झालेली नव्हती.

तिचं नवं चित्र होतं ‘रविवार, दुपार’. पन्नाशीकडे झुकलेलं एक जोडपं, खालून ऊब देणाऱ्या बैठ्या टेबलाच्या पांघरुणात अर्धं आत, अर्धं बाहेर. टेबलावर संत्र्यांची सालं, मागं भाताच्या कुकरचा दिवा लागलेला, दोरीवर मोजे. जुन्या चित्रांत कोपऱ्यातून एखादं मांजर बघत असे. इथं घर झाडणारं गोल यंत्र भिंतीला अडकून बघतंय. आणि मधोमध, नऊ बाय सहा सेंटिमीटर जागेत, जे असायचं ते आहे: वीस वर्षांच्या सवयीचे दोन देह, बायकोचा हात नवऱ्याच्या कंबरेवर, तिथं शस्त्रक्रियेचा जुना व्रण, आणि केस. केस एकूण चारशे बारा.

हे केस कुरेमात्सु तोकुजींचे. म्हणजे त्यांनी कोरलेले. चित्र चिगुसा काढी, छापीही तीच, पण चेरीच्या लाकडावर ठसा कोरायचं काम चौऱ्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याचं. एका मिलिमीटरात तीन केस उठवणारा दुसरा माणूस त्या मुलखात उरला नव्हता. पण केसांवर पोट भरत नाही, म्हणून चाळीस वर्षं त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानात नावाचे शिक्के कोरले. पालिकेत असा एकही कारकून नव्हता, ज्याच्या खणातला शिक्का त्यांच्या हातचा नव्हता.

“डोक्यावरचे केस कुणीही कोरील,” ते म्हणायचे. “बाकीचे कोरताना लाकूडसुद्धा लाजतं. त्याला जरा विश्वासात घ्यावं लागतं.”

‘रविवार, दुपार’चा ठसा पुरा झाला त्या दिवशी त्यांनी हत्यारं पुसून गुंडाळून ठेवली. डाव्या डोळ्यात धुकं उतरलं होतं.

“हा शेवटचा, चिगुसा. केस कोरताना श्वास रोखावा लागतो. आता रोखला तर परत सुरू होईल याची खात्री नाही.”

“उस्ताद, असं अभद्र बोलू नका हो.”

“अभद्र कसलं त्यात? एकच सांगतो. माझे डोळे आहेत तोवर हे भिंतीवर लागू दे. लोक बघताना मला बघायचंय. साठ वर्षं कोरलं ते सगळं लोकांनी कपाटात लपवलं गं.”

चिगुसाला भरून आलं. दुसऱ्याच दिवशी तिनं सांस्कृतिक भवनासाठी अर्ज केला.

पालिकेची इमारत तीन मजली. दुसऱ्या मजल्यावर जन्मदर प्रोत्साहन कक्ष. (गेल्या वर्षी शहरात जन्म नऊ, अंत्यविधी तीनशे बारा.) कक्षाच्या दारावर ‘आज लवकर घरी जा, दिवे मालवा’ अशी पाटी होती. तिसऱ्या मजल्यावर सांस्कृतिक विभाग. लोकांनी जे करावं म्हणून दुसरा मजला हात जोडत होता, त्याचं चित्र काढलं तर तिसऱ्या मजल्यावर अर्ज अडत होता. दोन मजल्यांमध्ये जिना होता, पण तो पत्रव्यवहारासाठी वापरत नसत.

विभागप्रमुख नोनोगाकी हे मनानं देवमाणूस. त्यांनी कधी कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं. त्यांनी अर्ज वाचला, दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि चहा मागवला.

“इसोमुरा-सान, चित्र उत्तम आहे. फारच उत्तम आहे. तेच जरा अवघड झालंय.”

“काय अवघड?”

“दोनशे वर्षांनी लावलं तर चालेल का? मी नोंदवही पाहिली. त्या आठवड्यात सभागृह रिकामं आहे.”

“नोनोगाकी-सान, माझ्या उस्तादांना दोनशे वर्षं थांबायला सवड नाहीये.”

“हो, तेही आहेच म्हणा,” नोनोगाकी हळहळले, आणि त्यांनी अकरा जणांची समिती नेमली.

समितीनं सात बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत चित्रातलं जोडपं विवाहित असल्याचा कुटुंब-नोंदणीचा उतारा मागितला. चिगुसानं दोरीवरच्या मोज्यांकडे बोट दाखवलं. लग्नाशिवाय कुणी समोर असे मोजे वाळत घालत नाही, हे समितीनं एकमतानं मान्य केलं. दुसऱ्या बैठकीत भिंतीला अडकून बघणारं ते यंत्र सज्ञान आहे का यावर चर्चा झाली. तिसरी, चौथी आणि पाचवी बैठक केसांवर गेली. खरं तर कुणाचाच विरोध नव्हता. प्रत्येकाला शेजाऱ्याचा असावा असं वाटत होतं, आणि शेजाऱ्याचा मान राखणं हा उशिओदाचा धर्म आहे. सातव्या बैठकीत ठरलं: चित्र लावावं, मात्र नऊ बाय सहा जागेवर कागदाची चिठ्ठी डकवावी.

“चिठ्ठी?” कुरेमात्सु म्हणाले. “माझ्या केसांवर?”

“नाहीतर लावतच नाहीत, उस्ताद.”

म्हाताऱ्यानं हत्यारांची गुंडाळी कपाटात सरकवली. “बरं. निदान कागद तरी चांगला वापरा म्हणावं.”

कागद चांगला होता, हातबनावटीचा होता. पण पालिकेच्या भिंतीवर लागणारा कुठलाही कागद हा दस्तऐवज, आणि दस्तऐवज म्हटला की शिक्के आले. उशिओदाच्या कचेरीत शिक्का सरळ मारणं हा उद्धटपणा आहे. कनिष्ठानं आपला शिक्का डावीकडं, वरिष्ठाच्या शिक्क्याकडं झुकवून मारायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा. रोजच्या कागदावर प्रत्येकाला चौकट असते. चिठ्ठीवर चौकटी आखायचं कुणाला सुचलं नाही. परिणामी उपमहापौर ताठ, त्यांच्यावर कलंडलेले तीन खातेप्रमुख, त्यांच्या अंगावर रेललेले नोनोगाकी, जन्मदर कक्षाचे प्रमुख त्या गर्दीत मधेच घुसलेले, आणि सर्वांत नवी लिपिका जवळजवळ आडवी. अकरा लालभडक गोल, एकमेकांत गुंतलेले, ओलसर.

प्रदर्शन उघडलं. पहिल्या दिवशी चौदा माणसं आली. त्यांनी चित्राकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं, आणि चिठ्ठीवरून नजर काढेनात. दुसऱ्या दिवशी दोनशे आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं मुठीवर अकरा शिक्के होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तक्रार नोंदवली, की चित्राबद्दल आपलं काही म्हणणं नाही, पण चिठ्ठीवर जे चाललंय ते कुटुंबासह पाहण्याजोगं नाही. (ते त्यानंतर चार वेळा आले. कुटुंबाशिवाय.) तिसऱ्या आठवड्यात भवनानं चिठ्ठीची पोस्टकार्डं काढली. नाकापेक्षा मोती जड झाला.

कुरेमात्सु रोज येत, बाकावर बसत, आणि लोकांना बघत.

“काय बारीक काम आहे!” एक बाई चिठ्ठीला नाक लावून म्हणाल्या. “रेषा बघा हो एकेक!”

“बाई, ते शिक्के मी अर्धवट झोपेत कोरलेत,” कुरेमात्सु बाकावरूनच ओरडले. “दिवसाला वीस पाडायचो. खालचं बघा, खालचं!”

बाईंनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की पहारेकऱ्यानं म्हाताऱ्याला नम्रपणे बाहेर नेलं. त्या दिवसानंतर ते यायचे बंद झाले. चिगुसा घरी गेली तर म्हणाले, “डाव्या डोळ्यानं आता दिसत नाही. उजवा आहे अजून. त्याला काय दाखवू, शिक्के?” चिगुसा घरी येऊन संतापानं रडली.

शेवटच्या गुरुवारी, दमट हवेनं म्हणा की दर्शकांच्या श्वासांनी म्हणा, भाताची खळ सुटली. सकाळी अकरा वीसला चिठ्ठी गळून पडली. चिगुसानं तडक फोन लावला.

“उस्ताद, पडली! आहात तसे या!”

ते आहेत तसेच आले, घरातल्या चपलांवर, हातात भिंग. चित्रासमोर कुणी नव्हतं. गर्दी सगळी तक्रार खिडकीपाशी होती.

“अहो, दोन तास गाडीत बसून आलो आम्ही,” एक गृहस्थ कडाडत होते, “आणि इथं नुसतं चित्र!”

‘मुख्य वस्तू जागेवर नाही’ अशा एकसष्ट तक्रारी आल्या. एकानं जाता जाता उघड्या चित्राकडं पाहिलं आणि बायकोला म्हणाला, “काही नाही गं, आपल्यासारखंच आहे.”

कुरेमात्सु उजवा डोळा भिंगाला लावून मोजत होते. नोनोगाकी खळीची वाटी आणि नवी, अकरा शिक्के मारून तयार चिठ्ठी घेऊन धापा टाकत आले, आणि त्यांच्यामागं थांबले. मोजणी चालू असताना व्यत्यय आणू नये असा नियम आहे. तो नियम त्यांनी तिथंच उभ्या उभ्या केला. दुपारी दोन वाजेपर्यंत वाटी हातात धरून ते उभे राहिले.

“चारशे बारा,” कुरेमात्सु म्हणाले. “एक जरा जाड आलाय. तो बघा, व्रणाच्या शेजारी. बघा तुम्ही.”

नोनोगाकींनी इकडंतिकडं पाहिलं, मग भिंगातून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

“आमच्या घरीही ते यंत्र असंच अडकतं,” ते हळूच म्हणाले. “फार सुंदर आहे, कुरेमात्सु-सान.”

“झालं तर मग,” म्हातारा म्हणाला. “लावा तुमचा कागद.” त्याचे दोन्ही डोळे वाहत होते, न दिसणारासुद्धा. साठ वर्षांत एका माणसानं बघितलं होतं.

चिठ्ठी डकवली. गर्दीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि रांग पुन्हा लागली.

राहता राहिले वाचक. चिठ्ठीखाली नेमकं काय होतं ही विचारणा अद्याप येते. त्याचं वर्णन वर, तिसऱ्याच परिच्छेदात, साध्या शब्दांत केलेलं आहे. काहीही झाकलेलं नाही. ते तुम्ही वाचलंत, ‘एवढंच होय?’ म्हणालात, आणि पुढं काहीतरी असेल म्हणून इथपर्यंत आलात. तक्रार खिडकी सकाळी दहाला उघडते. रांगेत उभं राहा, आणि शिक्का जरा डावीकडं झुकवून मारा.