धोंडुबाईंच्या बादलीतला कचरा

संघप्रियाने दूधसंस्थेत पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "आबा, कॉम्प्युटर असा लावून देते की उद्या म्हशीलाबी चालवता यील!"

आबा म्हणजे संस्थेचे चेअरमन. त्यांना म्हशीची नव्हे, स्वतःची काळजी होती. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं बघून त्यांना घाम फुटायचा. साल दोन हजार तीन, गाव कोल्हापूरला लागूनच. सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली संघप्रिया संस्थेत तात्पुरती लागली होती. निवडणूक तोंडावर होती आणि नवं मंडळ पहिल्याच मीटिंगमध्ये तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरवणार होतं. पोरीने कंबर कसली!

अक्षरांना रजा देऊन तिने चित्रं मांडली. दूध संकलनाला किटली, पशुखाद्याला पोतं, जनावरांच्या विम्याला छत्री. खालच्या पट्टीवर संस्थेचं नाव टाकलं. आबा कौतुकाने बघत होते, ते एकदम भडकले.

"संस्थेचं नाव पायाशी? वर घे!"

पट्टी वर गेली.

"आनि ती छत्री मधी घे. इमा माझ्या डोक्यातनं निघालाय. जरा ठळक कर की!"

छत्री मध्ये आली, भोपळ्याएवढी झाली. सगळं झकास जमलं आणि त्याच आठवड्यात निवडणुकीची चिन्हं वाटली गेली. आबांच्या गटाला मिळाली छत्री!

दुसऱ्या दिवशी विरोधी गटाचा म्होरक्या कृष्णात दूध घालायला आला आणि पडदा बघून जागीच थबकला.

"आचारसंहिता हाय का न्हाय? संस्थेच्या लाइटीवर परचार चाललाय व्हय?"

"अवो, इम्याची छत्री हाय ती! आधीपास्नंची!" संघप्रिया म्हणाली.

"आमालाबी कळतंय की!" म्हणत कृष्णातने निवडणूक अधिकाऱ्यांना फोन लावलासुद्धा.

साहेबांनी तिच्या नावाने अहवाल लिहिला की नोकरी संपली! संघप्रियाने घाईघाईने छत्री काढली. किटली आणि पोतंही काढलं, उगाच कुणाचं चिन्ह निघायला नको. पडदा सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ झाला. उरली फक्त कोपऱ्यातली कचऱ्याची बादली. काढलेली चित्रं तिच्यातच जाऊन पडतात. ती कॉम्प्युटरबरोबरच येते आणि काही केल्या जात नाही.

तेवढ्यात धोंडुबाई आल्या. अपक्ष उमेदवार. चिन्ह, बादली!

"माझी तेवढी ठेवलीस? बेस केलंस गं बाय!" त्या खूश होऊन वाकल्या आणि किंचाळल्या, "अगं, माझ्या बादलीत कचरा कुनी कोंबला?"

"कचरा न्हाय मावशी, आबांची छत्री हाय त्यात."

"माझी छत्री कचऱ्यात?" आबा खुर्चीतून ताडकन उठले.

संघप्रियाने तत्काळ बादली रिकामी केली. धोंडुबाईंनी कपाळावर हात मारला. "मतदानाच्या तोंडावर रिकामी बादली दावतीस? अपशकुन करतीस व्हय?"

"आनि आता पडद्यावर एकटी बादलीच!" कृष्णात ओरडला. "ह्यो बी परचारच!"

या गदारोळात साहेब दाराशी येऊन उभे राहिले. सगळं ऐकून म्हणाले, "बादली काढा."

"निघत न्हाय, साहेब. कंपनीनंच लावलीया."

"कंपनी कुनाच्या गटाची?" कृष्णातने लगेच विचारलं.

साहेबांनी डोळे मिटले. गावातल्या पाट्या झाकल्या तसंच कॉम्प्युटरवर कापड टाकलं, सुतळी आवळली आणि लाखेचं सील ठोकलं!

"साहेब, अहवाल?" संघप्रियाने धीर करून विचारलं.

"काय लिहू अहवालात? बादलीने प्रचार केला?" साहेब गाडीत बसून निघून गेले. संघप्रियाचा जीव भांड्यात पडला.

पुढचे बारा दिवस तिने दुधाच्या नोंदी वहीत हाताने लिहिल्या. निकालात दोन्ही गट निम्मे निम्मे आले आणि धोंडुबाईही आल्या. पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी सगळ्यांना विरोध केला. एकच ठराव एकमताने झाला, संघप्रियाला कायम करायचा! तिला रडूच कोसळलं. डोळे पुसत ती कात्री घेऊन सुतळी कापायला धावली.

"ए, ए! हात लावू नगं!" आबा, कृष्णात आणि धोंडुबाई एकदमच ओरडले.

"झाकल्यापास्नं दुधाची रांग कशी भराभरा सरतीया!" आबा म्हणाले. "तुला हातानं लिवायलाच कायम केलंय."

संघप्रियाने कात्री गपचूप खाली ठेवली. कायम झाली होती ना, मग बास! संध्याकाळी घरी जाऊन तिने मान ताठ करून सांगितलं, "आये, कॉम्प्युटरवर कायम झाले बघ!"