गुडघ्याचं माहेरपण

"चालण्यापुरता बरा झाला, की लगेच आणायचा वृषालीचा गुडघा माहेरून. पळायला शिकला, तर पुन्हा खो-खो सुरू!"

सासूबाई स्वयंपाकघरात कुमुदआत्यांना हलक्या आवाजात सांगत होत्या. शेजारच्या खोलीत पडलेल्या नव्या सुनेला, वृषालीला, ते ऐकू आलं. तिचा पाय पलंगावर होता. गुडघा कुरुंदवाडला होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्यात खांबाला वळसा घेताना गुडघा उलटा फिरला आणि तीन लिगामेंट एकदम तुटली. डॉक्टरांनी मांडीमागची शीर काढून नवी ओवली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "माहेर कुठलं?" नवं लिगामेंट सासरी धरत नाही, हे कऱ्हाडात सगळ्यांनाच ठाऊक होतं. दिगूदादा न्यायला आला. टाके दुखणार नाहीत अशा बेतानं सासूबाईंनी गुडघ्याची ओटी भरली. दादानं त्याला मांडीवर घेतलं आणि एसटीत खिडकीची जागा धरली.

आईचे फोन येत. "आधी वाकतच नव्हता गं. खाली टॉवेलची गुंडाळी ठेवली तरी रुसलेला. आता अंगणात जातो. काल शाळेच्या मैदानाकडे तोंड करून बसला होता."

वृषालीला ते कळलंच होतं. पाणी मारलेल्या तांबड्या मातीचा गारवा कऱ्हाडात तिच्या पायाच्या मोकळ्या जागेत शिरला होता. पाटीवर उकिडवं बसणं, पाठीवर थाप, कानाशी "खो!" आणि वेणी सुटली तरी न थांबणं. ती मोकळी जागा तिनं दुलईनं झाकली.

तेवढ्यात तिचा नवरा निरंजन खोलीत आला, मागोमाग सासूबाई आणि आत्या. "रविवारी आणतो गुडघा," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात पळायला अजून अवकाश आहे, पण चालतोय की."

"पळायचंय कुणाला?" सासूबाई म्हणाल्या. "घरात पळून जाणार कुठे?"

आत्या हसल्या. निरंजन बायकोकडे बघू लागला. लग्न झाल्यापासून ती प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत आली होती.

वृषाली उशीला टेकून बसली आणि सासूबाईंना म्हणाली,

"आई, पळून दाखवल्याशिवाय त्याला पाठवू नका, असं मी कुरुंदवाडला कळवलंय. तेव्हा आणायला तुम्हीच चला माझ्याबरोबर. मैदानात बसायला सतरंजी घेऊ."