घराच्या नावाची शिशी

जयवंताला पाहायला येणारे पाहुणे हुशार होते. घरातला तांब्या बाजूला सारून ते थेट विहिरीवर जात, स्वतः पोहरा सोडत, एक घोट घेत आणि गाडी जुंपायला सांगत. मुलगा धडधाकट, जमीन काळीभोर, घर माळवदाचं, सगळं पसंत. पण पूर्णेकाठच्या त्या गावात एकाही विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. अशा गावात लेक कोण देतो? पाहुणे परत जायचे आणि जयवंताच्या आईचा, रुख्मिणीबाईंचा, आवाज तेवढा चढत जायचा.

अशात अमरावतीहून रविकांत साहेब आले. विहिरींच्या पाण्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. शास्त्र काही साहेबाच्या खोलीत कोंडून ठेवायचं नसतं, रयतेनंही त्याला हात लावावा, असं त्यांचं मत. गावातले सगळे पुरुष चावडीत बसवून त्यांनी ते समजावलं. दर घरानं आपल्या विहिरीचं पाणी शिशीत भरून द्यायचं. ज्या गावाचं पाणी सगळ्यात खारं निघेल, तिथं नागपूरचं सरकार गोड्या पाण्याचा तलाव बांधेल. पुरुषांनी माना डोलावल्या, सुपारी कातरली आणि शिश्या घरी आणून चुलीजवळ ठेवल्या. कारण पाणी भरणं हे बायांचं काम. साहेबाला हे ठाऊक नसावं. त्याच्या घरी पाणी आपोआप येत असेल.

"पानी भरून ठेव. अमरावतीले जानार आहे," एवढं बायकोला बोलून जयवंताचे वडील खुशालराव आडवे झाले. तलावाचं सांगायचं राहिलं.

शिशीवर चिठ्ठी होती. रुख्मिणीबाईंना वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठीवर घराचं नाव आहे एवढं जयवंतानं सांगितलं. त्यांचं डोकंच फिरलं. घराचं नाव लावून खारं पाणी अमरावतीभर मिरवायचं? मग पाहुण्यांना इथवर येण्याचे तरी कष्ट कशाला, घरबसल्याच नकार देतील. त्या कळशी घेऊन दूर नदीवर गेल्या, वाळूतल्या झिऱ्याचं गोडं पाणी आणलं आणि शिशी भरली.

शेजारच्या आशाबाईनं कळशी पाहिली आणि तिला कळायचं ते कळलं. जयवंताच्या घरची शिशी गोड आणि आपलीच काय म्हणून खारी? उपवर पोरं तिच्याही घरी होती. दिवस कलायच्या आत झिऱ्यावर बायांची रांग लागली. गावातल्या एकूण एक घराचं नाव गोड होऊन अमरावतीला गेलं.

रविकांत साहेब परत आले ते हरखूनच. खाऱ्या मुलखात हे गोड्या पाण्याचं बेट सापडलं म्हणाले. 'गोडे पाणी' अशी पत्र्याची पाटी शिपायानं खुशालरावांच्या विहिरीवरच्या निंबाला ठोकली. साहेबांना पाणी दिलं तेही झिऱ्याचंच. ते पिऊन ते म्हणाले, "तुम्ही भाग्यवान. तलाव आता चांदूर बाजाराकडे, तिथले पाटील किसनराव यांच्या गावी जाईल. तिथल्या शिश्या तर तोंडाला लावता येईनात."

साहेब गेल्यावर रुख्मिणीबाई दाराआडून बाहेर आल्या. "कोन्ता तलाव?"

खुशालरावांनी सांगितलं.

"हे चावडीत सांगतलं होतं?"

"हो."

"मंग मले कावून नाई सांगतलं?"

"तुले काय करायचं होतं? तुले तं फक्त शिशी भरायची होती."

रुख्मिणीबाईंनी त्या दिवशी कोणाला जेवायला वाढलं नाही. खरं काय ते साहेबाच्या तोंडावर सांगायला त्या अमरावतीला निघाल्याही असत्या. पण त्याच आठवड्यात किसनराव स्वतः आले, लेकीचं स्थळ घेऊन. विहिरीवर गेले, पाटी वाचली आणि पोहऱ्याला हातही न लावता परत फिरले. सरकारनं तपासलेलं पाणी आपण काय तपासायचं, म्हणाले. रुख्मिणीबाईंनी तोंड मिटलं. गावानंही मिटलं. रुख्मिणीबाईंनी मनाला समजावलं, की पोरगी तर आपल्याहून खाऱ्या गावची, तिला इथलं पाणी साखरच लागेल.

पावसाळा सरल्यावर लग्न झालं. पहिल्याच सकाळी नव्या सुनेनं, लीलानं, घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

"आत्याबाई, यात काही पडलं काय व?"

"कावून? तुमच्या गावचं तं याहून खारं आहे. सरकारनं तपासलं."

"आमचं? आमचं पानी तं उसावानी गोड आहे. बाबानं चावडीतलं सारं येऊन मायले सांगतलं. मंग मायनं शिश्याइत मीठ टाकलं. तलाव लय मोठा झाला आता. म्हशी डुंबतेत."

चुलीवर डाळ होती, पहाटेपासून शिजत घातलेली, दाणा न् दाणा तसाच. ती रुख्मिणीबाईंनी खुशालरावांच्या ताटात वाढली आणि ते चावत बसले.

पुढच्या वर्षी रविकांत साहेब पुन्हा आले. या खेपेला कापडी थैल्या होत्या, शेतातली माती मागत होते. रुख्मिणीबाई डोईवर पदर घेऊन सरळ चावडीत गेल्या आणि पुरुषांच्या पुढ्यात बसल्या.

"आधी मले सांगा, माती कायले पायजे."

साहेब सभ्य माणूस. त्यांनी हसून नमस्कार केला. "बाई, ते मी घरातल्या पुरुषांना समजावतो. तुम्ही फक्त थैल्या भरा."

चावडीतले पुरुष हसले. खुशालरावही हसले.

रुख्मिणीबाईंनी थैली उचलली, घरी आणली आणि सुनेच्या हातात दिली.

"पोरी, तुह्या मायले निरोप धाड. म्हनाव, यंदा माती मागून राहिले. माय तिच्या थैलीत काय भरते, ते इचार."