बापूकाकांनी गाडीचं छत शिवलं

किन्हीराजातले बापूकाका देशमुख हे सरपंचापासून स्वतःच्या व्याह्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करतात, पण आपल्या गाडीशी मात्र अहो-जाहोनं बोलतात. अंगणातल्या निंबाखाली त्यांची जुनी पांढरी अँबेसेडर उभी असते. सकाळी तिच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणतात, "उठा आता, ऊन आलं अंगावर." गाडी सुरू झाली नाही तरी रागावत नाहीत. "आज तब्येत नाई साहेबाची," एवढंच बोलून पायी वावरात निघतात.

मी गावातल्या शाळेत शिकवतो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. नळ गळो, पत्रा उडो, साप निघो, बापूकाकांचं उत्तर एकच, "थे मी पाह्यतो!" मग ते खरंच पाहतात. नुसतं पाहतात. नळ अजून गळतोच आहे.

गाडीच्या छताचंही तसंच झालं होतं. आतलं कापड कधीचंच सुटलेलं. गाडीनं वेग घेतला की ते तव्यावरच्या पोळीसारखं फुगायचं. मागं बसणाऱ्यानं एक हात वर धरून बसायचं, हा गाडीचा नियमच. एकदा मी मालेगावपर्यंत असा गेलो. रस्त्यानं ओळखीचे लोक हात हलवत होते, त्यांना वाटलं मीच हात करतोय.

"बापूकाका, हे कापड बदलून टाका ना."

"थे मी पाह्यतो!"

आणि या उन्हाळ्यात त्यांनी एकाएकी ते मनावर घेतलं. कारंज्याच्या सीट शिवणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, गाडी ठेवून जा, महिनाभरात देतो. बापूकाका आल्या पावली परत. "महिनाभर कशी ठिवू? पुढच्या हप्त्यात हिले आकोल्याले न्याचं हाय."

ही म्हणजे शांताकाकू. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून काकूंना बसता येत नाही. खिडकीशी खाटेवर पडून असतात. अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं तरी मागच्या सीटवर आडवं झोपवूनच.

तेव्हा बापूकाकांनी स्वतःच जुनं कापड ओढून काढलं. आत ते ताणून धरणाऱ्या लोखंडी कमानी निघाल्या, त्या त्यांनी अंगणात एका ढिगात टाकल्या. प्रत्येकीचा बाक वेगळा असतो हे नंतर कळलं. पहिल्यांदा बसवल्या तेव्हा छताला मधोमध उंटासारखी पाठ आली. आम्ही दोघं दिवसभर कमानी अदलाबदल करत बसलो.

कमानी ओवायला कापडाला परकरासारखे नेफे शिवावे लागतात. बापूकाकांनी उभ्या जन्मात सुई धरली नव्हती. त्यांनी काकूंचं शिवणयंत्र खाटेजवळ ओढलं आणि मांडी घालून बसले. काकू पडल्या पडल्या शिकवू लागल्या.

"हात हलका ठिवा. नेफा होय, पोतं नाई."

"दोरा काहून तुटून राह्यला मंग?"

"तुमी दम देऊन राह्यले त्याले. गाडीशी बोलता तसं बोला."

बापूकाकांनी खरंच यंत्राला अहो म्हणून पाहिलं. काकू इतक्या हसल्या की पाठ दुखली, म्हणून त्या दिवशीचं काम तिथंच थांबलं.

कापडाच्या कडा आत खोचायला मागची काच काढायची होती. रबर सुटलं आणि काच घसरली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बापूकाका काच पोटावर तोलून उभे होते. "आयुष्यभर ह्या पोटाले बोलली बाई," ते धापा टाकत म्हणाले, "आज पाह्य म्हणा तिले."

पण गावाला गंमत वाटली ती कापडाची. पोपटी रंग, त्यावर पिवळी फुलं. पानठेल्यावर कुणी म्हणालं, "काय बापूकाका, गाडीत पाळणा बांधून राह्यले का?" एरवी यापेक्षा कमी बोलण्यावर त्यांनी माणसाचं घराणं काढलं असतं. त्या दिवशी पान घेतलं आणि गुपचूप घरी आले. मलाच राहवलं नाही. म्हटलं, "साधं पांढरं लावलं असतं तर?"

ते काढलेली काच पुसायला लागले.

काच परत बसली. कापड उन्हात ताणून तटतटीत झालं. त्या दुपारी शाळेतून आलो तर गाडीच्या मागच्या दारातून दोन पाय बाहेर लोंबत होते. ऊन लागलं की काय, म्हणून धावलो. बापूकाका मागच्या सीटवर उताणे पडून छताकडे बघत होते.

"गुरुजी, शिवण हिच्या डोयावर तं येत नाई ना, थे पाहून राह्यलो," ते म्हणाले. मग वर बघतच, "मागच्या खेपेले आकोल्याच्या वाटेत थे जुनं कापड खाली आलं. हिच्या तोंडावर पडलं. हिले हात उचलता येत नव्हता. मी समोर पाहून आपला गाडी हाकून राह्यलो. दवाखान्यात जाऊन दार उघडलं तवा दिसलं. म्हटलं, आवाज काहून नाई देला? तं म्हणे, तुमी घाबरले असते."

मी दारातून आत वाकून छताकडे पाहिलं.

"वाटेत हिले ना झाड दिसत, ना वावर. निरं छत. दवाखान्यात गेलं तं तिथंबी पांढरं छत. म्हणे, मले पांढऱ्याचा कटाळा आला. कापड तिनंच सांगतलं."

अकोल्याला निघायच्या सकाळी आम्ही दोघांनी काकूंना उचलून सीटवर निजवलं. त्या किती तरी वेळ वर बघत राहिल्या. बापूकाका दार धरून, निकाल ऐकायला आल्यासारखे उभे.

"एका पट्ट्यातली फुलं उलटी लागली," काकू म्हणाल्या.

बापूकाकांचा चेहरा उतरला. "कोठी? काढतो. आल्यावर सारं उसवतो."

"राहू द्या. येताना मी तिकडे डोकं करून झोपीन, मंग थे सुलटी दिसतीन."

बापूकाकांनी मान हलवली. काकूंच्या डोक्याखालची उशी नीटच होती, ती त्यांनी पुन्हा एकदा नीट केली आणि दार आवाज न करता लावलं.